काम आलं, मजुरीचं काय?

व्यापार खुला झाला की कामं वाढतात आणि कामं वाढली की मजुरी आपोआप वाढते, असं आपल्याला सांगितलं जातं. यातली पहिली गोष्ट बांगलादेशात खरी ठरली. मला बोलायचं आहे ते दुसरीबद्दल.

१९७९ मध्ये चट्टग्रामच्या 'देश गार्मेंट्स'ने दाएवू या कोरियन कंपनीकडे १३० माणसं कपडे शिवण्याचं काम शिकायला पाठवली. परतल्यावर त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. निर्यातीसाठी लागणारं कापड जकातीशिवाय आणायची सोय सरकारने केली आणि बघता बघता हा धंदा चाळीसेक लाख लोकांना पोसू लागला. त्यात बहुसंख्य बायका. ज्या मुलींना शेतात राबण्यापलीकडे किंवा दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करण्यापलीकडे कमाईची वाट नव्हती, त्यांच्या हातात महिन्याचा पगार पडू लागला. ही फार मोठी गोष्ट आहे.

पण मजुरी बघा. १९९४ मध्ये किमान वेतन महिन्याला ९३० बांगलादेशी टाका ठरलं, ते २००६ पर्यंत तेवढंच राहिलं. बारा वर्षं! या काळात निर्यात मात्र कित्येक पटींनी वाढली.

असं का व्हावं? शिलाईच्या ओळीत एक बाई फक्त कॉलर जोडते, दुसरी फक्त कफ, शेवटची धागे कापते. तासाला किती नग झाले ते फळ्यावर लिहिलेलं असतं. इतकं सुटं काम पटकन शिकता येतं आणि म्हणूनच ते करणारीला उद्या बदलताही येतं. गावाकडून नव्या मुली येतच असतात. एकटी बाई कशाच्या जोरावर घासाघीस करणार? मालकालाही परदेशी खरेदीदार बजावतो, दर उतरवा, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या देशात जाईल.

२००६ साली कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे तो आकडा हलला. मग एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळच्या सावरमधली राणा प्लाझा ही शिलाई कारखान्यांची इमारत कोसळली. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेले होते. खालची बँक बंद झाली, शिलाई कामगारांना मात्र आत बोलावलं गेलं. अकराशेहून अधिक जीव गेले. त्याच वर्षअखेरीस किमान वेतन ३००० वरून ५३०० टाका झालं. हा हिशोब सांगताना जीभ अडखळते.

आणि हा प्रश्न फक्त तिकडचा नाही. २०११ मध्ये भारताने बांगलादेशी कपड्यांवरची जकात बहुतांशी उठवली. तिकडची मजुरी दाबून ठेवली, तर स्वस्त कपड्यांशी टक्कर देताना इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराचा दरही दबतो. एकटीला न जमणारी घासाघीस संघटना करू शकते. म्हणून व्यापार करारात जकातीच्या कलमाइतकंच ठळक कलम संघटना बांधण्याच्या हक्काचं असावं आणि त्याची तपासणी कारखान्याच्या दारात जाऊन व्हावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.