धनुष्य आणि झाडाची साल

खडकी हें नांव उच्चारलें कीं दारूगोळा आठवतो. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची फौज आणि इंग्रजी पलटणी यांची गांठ येथेंच पडली; पुढें १८६९ सालीं येथें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. परंतु ज्या शस्त्राला बंदुकीनें मागें सारलें, त्याचें एक साहित्य मुळेच्या कांठच्या पडीक जागेंत आजहि आपोआप उगवतें. तें म्हणजे रुई. मारुतीच्या माळेपलीकडे शहरांतील घरांना तिचा उपयोग ठाऊक नसतो. तिच्या खोडाच्या आंतल्या सालींतून जो पांढरा, चिवट वाख निघतो, त्याची दोरी धनुष्याला चढत असे. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत प्रत्यंचेचीं द्रव्यें मोजतांना मूर्वा, ताग, वेळू आणि स्नायु यांच्या पंक्तीला अर्क, म्हणजे ही रुईच, बसविली आहे. प्रत्यंचेला मौर्वी म्हणतात तेंहि त्या मूर्वेवरूनच.

सालीचा प्रश्न दोरीपाशीं संपत नाहीं. धनुष्य ओढलें म्हणजे तिरंदाजाकडची बाजू दबते आणि बाहेरची बाजू ताणली जाते. लाकूड मोडतें तें बहुधा या ताणलेल्या बाजूनें. म्हणून कसबी कारागीर खरखरीत साल काढून टाकतो, पण तिच्या खालचें वाढीचें वलय अखंड राखतो. तेथें हत्यार एकदां जास्त फिरलें आणि तंतु तुटले, कीं ऐन ओढीच्या वेळीं चीर तेथूनच सुरू होते. बांबूचा न्याय मात्र निराळा. त्याला वृक्षासारखी साल नाहीं. वरची तुकतुकीत पाठ हीच त्याची साल, आणि तिच्या लगतच तंतूंची सर्वांत दाट वीण असते. शोभेसाठीं ती पाठ तासणें म्हणजे धनुष्याचें कंबरडेंच मोडणें होय.

सातपुड्यांतील भिल्लांना हें पुस्तकावांचून कळलें होतें. त्यांचा कमठा बांबूचा, आणि दोरीहि बांबूच्याच पाठीवरून सोललेली चिवट पट्टी! १८२५ सालीं औट्रमनें खानदेशांत भिल्लांची पलटण उभारून त्यांच्या हातीं बंदुका दिल्या, तरी पाड्यावरचा कमठा सुटला नाहीं. त्याला अडाणी हत्यार म्हणणाऱ्यांनीं इथला पाऊस विचारांत घ्यावा. मोगल दरबारांतील शिंग, लाकूड व स्नायु सरसानें जोडलेलीं धनुष्यें बाण अधिक दूर फेकीत; पण दमट हवेंत सरस नरम पडतो आणि स्नायूची दोरी सैल होते. यावर उपाय म्हणून मध्य आशियांतील कारागीर धनुष्यावर भूर्जाची पातळ साल चढवीत. तींतील मेणासारख्या द्रव्यामुळें पाणी आंत शिरत नाहीं. पोथ्यांचें भूर्जपत्र म्हणजे याच कुळांतील हिमालयी वृक्षाची साल. सह्याद्रींत भूर्ज नाहीं. येथें बांबूनेंच निभावलें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचें धनुष्य मागें पडलें. २०२३ सालीं बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हीं दोघें जगज्जेतीं ठरलीं, तीं चक्रें बसविलेल्या आधुनिक धनुष्यांवर. हा आनंदाचाच विषय. त्या धनुष्यांत सालीला मात्र जागा नाहीं. पावसाळ्यांत तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, हिवाळ्यांत तोडून सावलींत वाळविलेला टिकतो, इतकें लिहून ठेवतां येतें. पाठीवरची पट्टी किती जाड उतरवावी हें उतरविणाऱ्याच्या बोटांनाच कळतें, आणि शिकार थांबल्यापासून मुलांचीं बोटें त्या कामाला लावण्याचें कारणच उरलेलें नाहीं.