गरम चाक काय सांगतं?



प्रत्येकाने आपापल्या कामातलं काहीतरी सांगायचं असं ठरलंय. मी नगर रोडवर गॅरेज चालवतो, त्यामुळे मी ब्रेकबद्दल बोलणार. आपल्यापैकी तीन-चार जणांच्या दारात अजून वडिलांची अॅम्बॅसिडर किंवा पद्मिनी उभी आहे. रांजणगावला आज फियाटचा कारखाना आहे, पण जुनी पद्मिनी कुर्ल्याला बनायची. अॅम्बॅसिडर बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनायची, तीही २०१४ साली बंद झाली. आता या गाड्या आपणच सांभाळायच्या आहेत.

या गाड्यांची एक नेहमीची तक्रार म्हणजे मागचे ड्रम तापतात, जळका वास येतो. आधी नववीतलं विज्ञान आठवा. माणसांसकट दीड टनाची गाडी ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, की सुमारे दोन लाख ज्यूल उष्णता तयार होते. अर्धा लिटरहून जास्त थंड पाणी उकळेल एवढी! ती बरीचशी ब्रेकमध्येच जाते. म्हणजे ब्रेक तापणं हा दोष नाही, ते त्याचं कामच आहे. दोष तेव्हा, जेव्हा ब्रेक न दाबताही तो तापतो. ब्रेक लागतो का, हे सगळे बघतात. सुटतो का, हे कोणी बघत नाही.

गेल्या वर्षी आपल्याच एका मित्राची अॅम्बॅसिडर माझ्याकडे आली. त्याला आईला घेऊन जेजुरीला जायचं होतं. एका गॅरेजमध्ये दोनदा लायनर बदलून झाले होते, तरी वास जाईना. घरात गाडी भंगारात द्यायची भाषा सुरू झाली होती. आणि जेजुरीहून परतताना दिवे घाट उतरायचा असतो. तापलेला ड्रम फुगून शूपासून लांब जातो, लायनरची पकड कमी होते. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी धोका. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषला की तीच मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला जातं. तेही घाटात.

म्हणून काही उघडायच्या आधी मी गाडी सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर फिरवली. ब्रेक जवळजवळ लावलाच नाही, शेवटीही गिअर उतरवत थांबवली. मग चारही ड्रमवर पाण्याचे थेंब टाकले. हात लावू नका, चटका बसेल. पुढचे दोन कोमट होते, मागच्या दोन्हींवर पाणी चरचरलं.

इथेच अर्धा निकाल लागतो. एकच चाक तापलं, तर त्या चाकाचा सिलिंडर अडकलेला, स्प्रिंग ढिली, नाहीतर शू जास्त आवळलेले. ड्रमच्या कडेपेक्षा मधला भाग जास्त तापला, तर बेअरिंग बघा. चारही तापले, तर पेडलला थोडी मोकळी चाल आहे का ते बघा आणि मास्टर सिलिंडर तपासा. मागचे दोन्ही तापले, तर हँडब्रेकची केबल, शूचं अॅडजस्टमेंट किंवा मागच्या अॅक्सलला ऑइल नेणारा रबरी होज.

मात्र ब्रेक लावल्यावरच एक चाक जास्त तापत असेल, तर थंड चाकाकडे आधी बघा. तिकडचा ब्रेक काम करत नसेल, तर सगळा भार या चाकावर येतो. वर्गात जो दमलेला दिसतो, तोच बऱ्याचदा दुसऱ्याच्या वाटचंही करत असतो.

मग पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवली, हँडब्रेक सोडला. पेडल दाबून सोडलं. दोन्ही चाकं हाताने फिरेनात. हँडब्रेकची केबल ढिली केली, फरक नाही. एका चाकाचं निपल उघडलं, तर ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाकं मोकळी झाली. ड्रम ब्रेकच्या पाइपात थोडा दाब मुद्दाम राखलेला असतो, त्यामुळे दोन-चार थेंब आले तर घाबरू नका. चाक धरून ठेवेल एवढा दाब राहता कामा नये. निपल उघडूनही चाक सुटलं नसतं, तर दोष ड्रमच्या आतला समजायचा.

निपल बंद करून पुन्हा पेडल दाबलं, पुन्हा चाकं धरली. आता होजच्या आधीचा जोड उघडला. चाकं सुटली असती, तर दोष मास्टर सिलिंडरचा. ती सुटली नाहीत. म्हणजे दाब होजच्या पलीकडे कोंडलेला. होज काढून कापला, तर वरून ठणठणीत, आतून रबर सुजून भोक बुजलेलं. पायाच्या जोराने ऑइल जायचं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नव्हतं. नवा होज टाकला, ऑइल बदललं, एअर काढली. पुन्हा फेरी मारली, पुन्हा पाणी टाकलं. चारही चाकं सारखी. मित्राची आई जेजुरीला जाऊन आली.

घरी जाऊन एवढं करा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. त्यात इंजिन ऑइल किंवा डिझेलचा थेंबही जाऊ देऊ नका, रबर सुजतं. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि पार्ट बदलण्याआधी एका वेळी एकच गोष्ट मोकळी करून बघा. काय मोकळं केल्यावर चाक सुटतं, त्यावरून दोष कळतो.

कोणाची गाडी वास मारत असेल, तर घाटात नेण्याआधी माझ्याकडे आणा. चहा माझ्याकडून.