म्हातारपणाचं सोनं कुणाच्या ताब्यात?



हळदीचे पैसे हाती येण्याचे हे दिवस. वसमतच्या, हिंगोलीच्या मोंढ्यात काटा झाला की आधी उधारी फिटते आणि उरलं तर एखादा डाग घडवला जातो. नोकरदाराला भविष्यनिर्वाह निधी आहे. शेतकऱ्याच्या घरी म्हातारपणाची तरतूद म्हणजे बाईच्या गळ्यातली एकदाणी, हातातल्या पाटल्या आणि ट्रंकेतली चांदी. ही रीत मला मोलाची वाटते. पण ही तरतूद म्हातारपणापर्यंत पोचते का, हा माझा आजचा विषय आहे.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहू. तिथे निवृत्तीच्या खात्यात खरंखुरं सोनं ठेवता येतं. १९९७ साली तिथला कायदा बदलला आणि खात्यात सोन्या-चांदीच्या लगडी घ्यायची मुभा मिळाली. अटी मात्र कडक आहेत. काही ठरावीक नाणी सोडली तर सोनं किमान ९९५ शुद्धतेचं, चांदी ९९९ची लागते आणि माल मान्यताप्राप्त विश्वस्ताच्या ताब्यात राहतो. घरच्या कपाटात ठेवलेला चालत नाही. साडेएकोणसाठ वर्षं पूर्ण होण्याआधी काढलं, तर साधारणपणे कराशिवाय त्या रकमेवर आणखी दहा टक्के दंड बसतो.

आपल्याकडे पीपीएफ, भविष्यनिर्वाह निधी, राष्ट्रीय पेन्शन योजना, कुठेच सोनं जमा करता येत नाही. ते घरातच राहतं, आणि त्याला ना नोंद असते, ना नियम. म्हणून माझं सांगणं एवढंच: सोनं जरूर ठेवा, पण त्याला खात्याची शिस्त लावा.

पहिली शिस्त खरेदीची. समजा, एक लाखाचं सोनं घेतलं, घडणावळ बारा हजार आणि वर तीन टक्के जीएसटी. बिल होतं १,१५,३६०. भाव तोच असताना डाग मोडला, तर हाती फार तर एक लाख. घडणावळ आणि कर गेले ते गेलेच. म्हणून लग्नाकार्याचे दागिने वेगळे आणि म्हातारपणाचं सोनं वेगळं समजावं. त्यासाठी साधं वळं किंवा नाणं घ्यावं, पक्की पावती घ्यावी, हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक तपासून लिहून ठेवावा.

दुसरी शिस्त मालकीची. जून उजाडला, बियाण्याला पैसे कमी पडले, की पहिली नजर आईच्या डागावर जाते. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ नुसार बाई आपल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण आहे. स्त्रीधनावर नवऱ्याचा हक्क नाही, अडचणीत वापरलं तरी ते परत करणं त्याचं कर्तव्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४मध्ये पुन्हा बजावलं. पेरणी महत्त्वाची आहेच. पण तिला विचारल्याशिवाय तिचा डाग गहाण टाकणं हा अन्याय आहे.

तिसरी शिस्त गहाणाची. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडची कर्जं माफ करण्याचा निर्णय सरकारला २०१५मध्ये घ्यावा लागला. त्यावरून सावकारी कर्जाचा फास किती घट्ट होता ते कळतं. गहाण टाकायचंच असेल तर बँकेत टाका. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनुसार कर्ज पूर्ण फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत दागिने परत द्यावे लागतात. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे.

आणि चौथी गोष्ट. सोनं दर महिन्याला औषधाचे पैसे देत नाही. भाव चढतो तसा पडतोही. २०१२च्या अखेरीस दहा ग्रॅमला एकतीस हजारांच्या घरात असलेला भाव २०१५मध्ये सव्वीस हजारांच्या आसपास आला होता. त्या वर्षी ज्याला मोडावं लागलं, त्याला पुढची तेजी काय कामाची? म्हणून सगळी भिस्त सोन्यावर नको. अठरा ते चाळीस वयाच्या, आयकर न भरणाऱ्यांना अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर महिन्याला एक ते पाच हजार, आणि पश्चात जोडीदारालाही तेवढंच. महिन्याचा खर्च पेन्शनवर चालावा, सोनं मोठ्या आजारपणासाठी राखावं.

घरातल्या प्रत्येक डागाचं वजन, शुद्धता आणि मालकिणीचं नाव एका वहीत लिहा. मुलांना ती वही दाखवा, पण ठेवा मालकिणीकडेच. मुलं कमावती आहेत, कर्ज ती फेडू शकतील. तिची कमाई मात्र आता वाढणार नाही. तिच्या संमतीशिवाय एक मणीही मोडायचा नाही, हा नियम आपल्या घराघरानं करावा, ही माझी कळकळीची विनंती.