नाशिकचा कांदा आणि समोरचे फाटक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कोलकात्याच्या बाजारात कांदेवाला आपल्या मालाची थोरवी 'नासिकेर पेंयाज' या दोन शब्दांत सांगतो, आणि आपल्यापैकी प्रत्येकाची मान तेवढ्यापुरती ताठ होते. आशियातील व्यापार व दळणवळण या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने केली, तेव्हा बंदरांची नि महामार्गांची यादी वाचण्यापेक्षा या कांद्याच्याच मागोमाग जावे असे आम्ही ठरविले. कारण तो सगळाच कोलकात्यास थांबत नाही. त्यातला काही जेसोर रोडने पेट्रापोलला आणि तेथून बांगलादेशात जातो.

लासलगाव-पिंपळगावकडून निघालेली मालमोटार धुळे, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर असे करीत अठराशे किलोमीटरांहून अधिक वाट तुडवते. चालकांनी आळीपाळीने हाकली तर चार-पाच दिवस लागतात. आता पुढचा आकडा ऐकावा. पेट्रापोल-बेनापोल ही एक सीमा ओलांडण्यास मालमोटारीला १३८ तास लागतात, असा हिशेब जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालात होता. म्हणजे पावणेसहा दिवस! त्यांपैकी २८ तास माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढविण्याचे. कारण आपली गाडी बेनापोलपर्यंतच जाते, पुढे तिकडची. उरलेला वेळ रांगेचा, कागदपत्रांचा आणि गाडीतळाचा. एवढीच वाहतूक असलेल्या पूर्व आफ्रिकेतील सीमांवर हेच काम सहा तासांच्या आत उरकते. भारतीय कारखानदाराला शेजारच्या बांगलादेशापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी व्यापार करणे १५ ते २० टक्के स्वस्त पडते, असेही त्याच अहवालात म्हटले आहे. पूर्व आशियातील देशांचा सुमारे निम्मा व्यापार आपसांत चालतो. दक्षिण आशियाचा जेमतेम ५ टक्के. यात नवल ते काय?

२०१८ च्या डिसेंबरात आम्ही बनगावास एका लग्नाला गेलो होतो. रस्त्याकडेला गाड्यांची रांग, आणि त्यांत 'एमएच १५' ही पाटी! आम्ही उतरलो. येवल्याकडचा तरुण चालक स्टोव्हवर पिठले करीत होता. मराठी ऐकताच त्याने आम्हांला बसायला गोणपाट दिले. म्हणाला, "काका, अख्खा मुलूख पाच दिवसांत काढला, आन् हे समोरचं फाटक नऊ दिस झाले निघंना." मागे ताडपत्रीखाली लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने टिकतो. लाल कांद्याला तेवढा धीर नसतो.

ही सीमा १९४७ पूर्वी नव्हतीच, आणि फाळणीनंतरही १९६५ च्या युद्धापर्यंत येथून आगगाड्या जात-येत होत्या. सुधारणा झाल्या नाहीत असे नाही. २०१६ साली पेट्रापोलला एकात्मिक तपासणी नाके उभे राहिले. गाड्यांनी थेट सीमापार जावे म्हणून चार देशांनी २०१५ साली थिंफूला करार केला, तो भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने नाकारला. जेसोर रोडवर रेल्वेपूल बांधण्यासाठी जुनी झाडे पाडावीत की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२३ मध्ये साडेतीनशेच्या वर झाडे तोडण्यास अनुमती मिळाली. त्या सावलीत आम्ही पिठले खाल्ले आहे. रस्ता रुंद व्हावा असे वाटते, आणि ती झाडे गेल्याचे वाईटही वाटते.

परंतु रस्ता, पूल, नाके यांनी तास वाचतात. बेभरवशाची किंमत त्यांनी उतरत नाही, आणि आमच्या मते तीच सर्वांत जड आहे. कांद्याच्या निर्यातीवर २९ सप्टेंबर २०१९ रोजी बंदी आली, १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा आली, ८ डिसेंबर २०२३ रोजी तिसऱ्यांदा आली व मे २०२४ पर्यंत टिकली. पहिल्या बंदीनंतर बांगलादेशाने चक्क विमानाने परदेशी कांदा आणविला. ज्याला असा प्रसंग एकदा सोसावा लागला, तो दुसरा पुरवठादार शोधतो, स्वतःचे पीक वाढवितो. आणि त्याची किंमत चांदवडचा शेतकरी मोजतो. बंदीनंतर बाजारात भाव उतरला तेव्हा आमच्या घरात समाधान झाले होते, हेही येथे कबूल केले पाहिजे.

२०२० ची बंदी सायंकाळी जाहीर झाली. भरलेल्या गाड्या सीमेवर जागच्या जागी थांबल्या. तिसऱ्या दिवशी येवल्याच्या त्या तरुणाचा दूरध्वनी आला: "काका, कोलकात्यात कांदा घेणारं कुणी वळखीचं हाये का? खालच्या गोण्यांना वास सुटलाय." आम्ही दोघा आडत्यांना विचारले. एकाने नाही म्हटले. दुसऱ्याने जो भाव सांगितला त्यात येण्याचे डिझेलही निघत नव्हते. आम्ही तो संकोचाने कळविला. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्याने पत्ता विचारून घेतला.