गुण शून्य, खेळ चालू



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी कुणी घरचं दुकान सांभाळून शिकलं, कुणी विरार लोकलच्या दारात उभं राहून नोट्स वाचल्या. सगळ्यांचं आणि घरच्यांचं मनापासून अभिनंदन. आता मला एका जुन्या व्हिडिओ गेमबद्दल बोलू द्या.

१ ऑगस्ट २०१४ रोजी आपला पालघर जिल्हा झाला. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, ‘नेचर’ या नियतकालिकात डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांचा एक लेख आला. त्यांनी एकच संगणकप्रणाली अटारीच्या ४९ जुन्या व्हिडिओ गेम्सना बसवली होती. नियम सांगितले नव्हते. पडद्यावरचं चित्र आणि स्कोअर, एवढ्यावर तिनं शिकायचं. विटा फोडण्याच्या ‘ब्रेकआउट’मध्ये तिनं कडेनं बोगदा पाडून चेंडू भिंतीच्या मागे सोडायची युक्ती आपली आपण शोधली. ‘माँटेझुमाज रिव्हेंज’ नावाच्या खेळात मात्र तिच्या पदरात पडलं शून्य.

असं का झालं? ब्रेकआउटमध्ये वीट फुटली की लगेच गुण मिळतात. माँटेझुमाच्या पहिल्या खोलीत शिडी उतरायची, दोरावर झेप घ्यायची, पुन्हा शिडी, मग घरंगळत येणारी कवटी चुकवायची, पलीकडची शिडी चढायची, तेव्हा कुठे किल्ली हाती लागते आणि पहिले १०० गुण मिळतात. मध्ये एक पाऊल चुकलं की खेळाडू मेला. तोवर ‘बरं चाललंय’ असं म्हणणारं कुणी नाही. वाटेल त्या कळा दाबून पाहणाऱ्या यंत्राला ती किल्ली सापडतच नाही, आणि सापडली नाही म्हणजे शिकायला काही उरत नाही.

२०१६ मध्ये एमआयटीतल्या तेजस कुलकर्णी यांनी कार्तिक नरसिंहन, अर्दवान सईदी आणि जोशुआ टेनेनबॉम यांच्यासोबत या शून्यावर काम केलं. त्यांनी यंत्राचे दोन थर केले. वरचा थर फक्त ठरवतो: आता त्या शिडीपाशी जा. खालचा थर तिथे कसं पोचायचं तेवढंच शिकतो. शिडी गाठली म्हणून खेळ एक गुणही देत नाही. शाबासकी देतो तो यंत्राच्या आतच बसवलेला परीक्षक. एवढ्या बदलावर यंत्रानं किल्ली उचलली आणि ती घेऊन दारही गाठलं.

त्या कामात एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही, मला मात्र तीच मोलाची वाटते. शिड्या, किल्ली, दारं या ‘वस्तू’ आहेत आणि तिथे जाऊन बघण्यासारखं आहे, ही यादी यंत्राची नव्हती. ती संशोधकांनी पुरवली होती.

तुमचीही यादी आजवर दुसऱ्यांनीच पुरवली. सेमिस्टर, इंटर्नल, केटी, सीजीपीए. वीट फुटली, गुण मिळाले. आता तुमच्यातलं कुणी वालीव-गोखिवऱ्याच्या औद्योगिक गाळ्यात कामाला लागेल, कुणी अंधेरीच्या ऑफिसात, कुणी वडिलांच्या वाडीत. तिथे वर्ष-दोन वर्षं स्कोअर हलणार नाही. बंद पडलेलं मशीन मेकॅनिकला न बोलावता उघडून पुन्हा चालू करता येणं ही एक शिडी आहे, पण पगाराच्या स्लिपवर ती छापून येत नाही. ती मोजायची की नाही, हे ठरवणारा थर आता तुम्हीच.

पुढे काही संशोधकांनी यादीऐवजी यंत्राला कुतूहलच दिलं: ज्याचा अंदाज आला नाही ते दिसलं की बक्षीस. ही कल्पना खूप खेळांत चालली. मग २०१८ मध्ये संशोधकांनी एका चक्रव्यूहात टीव्ही ठेवला आणि चॅनेल बदलायची कळ यंत्राच्या हाती दिली. दर वेळी नवं चित्र, दर वेळी आश्चर्य! वाट शोधायचं काम रेंगाळलं, यंत्र टीव्हीसमोर रमलं. (तुम्ही हसलात म्हणजे खिशातल्या फोनची आठवण झाली. मला वेगळं काही बोलायला नको.)

माँटेझुमावर खरी मात केलेल्या पद्धतींपैकी एक २०२१ मध्ये ‘नेचर’मध्येच आली, गो-एक्सप्लोर नावाची. तिची रीत साधी आहे. जिथवर पोचलो त्या जागांची नोंद ठेवायची, आधी तिथे परत जायचं आणि मगच पुढचं धुंडाळायचं. आधीची यंत्रं नव्याच्या नादात अर्धवट पाहिलेल्या खोल्या विसरून जात. पदवीच्या वाटेवर एखादा अवघड विषय बासनात गुंडाळून ठेवलेला असेल, समजा गणितातला किंवा अकाउंट्समधला, तर त्याचं पान कुठे मुडपलं होतं ते लिहून ठेवा.

माँटेझुमाचा हा खेळ आजही साध्या लॅपटॉपवर चालतो. हौस असेल त्यांनी आज रात्री खेळून पाहावा. पहिल्याच खोलीत बरेचदा मराल. आता नावं पुकारायची वेळ झाली आहे, आणि पालकांचे कॅमेरे केव्हाचे तयार आहेत.