माता रमाई आणि आमच्या मुलांचा प्रश्न
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्हाला माता रमाईवर दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. पण वस्तीतली तरुण मुलं आम्हाला एक प्रश्न विचारतात, तो आधी घेतो. मुलं म्हणतात, "रमाई उपासतापास करायची, पंढरपूरला जायचं म्हणायची. धम्मदीक्षा झाली १९५६ ला, ती गेली १९३५ ला. मग विहारात तिची तसबीर कशाला?" प्रश्न रास्त आहे. मुलांना गप्प बसवून तो सुटणार नाही.

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. आईबाप लवकर गेले आणि नातलगांनी पोरक्या लेकरांना मुंबईला आणलं. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, दुकानं बंद झाल्यावर रात्री तिचं लग्न लागलं. मांडव कसला आणि मिरवणूक कसली!

पुढे बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेला गेले, १९२० ला पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या चाळीत रमाईने संसार ओढला. पाच लेकरं झाली, त्यातला एकटा यशवंत हाती लागला. बंधू-भगिनींनो, चार लेकरं मातीत ठेवलेल्या खेड्यातल्या बाईने देवापुढे हात जोडले, तर आम्ही कोणत्या तोंडाने तिला नावं ठेवायची? तेव्हा तिला दुसरा आधार दिला होता कोणी?

पंढरपूरची तिला फार ओढ. बाबासाहेबांनी तिला समजावलं की, जिथे आपल्याला देवापासून लांब उभं करतात, तिथे जायचं कशाला? आपण आपल्या सेवेतून दुसरं पंढरपूर उभं करू. ते मंदिर आपल्या माणसांना खुलं झालं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे रमाई गेल्यावर १२ वर्षांनी.

आता तिची माणुसकी बघा. जुनी माणसं सांगतात, धारवाडला ती पाहुणी म्हणून गेली होती. तिथल्या बोर्डिंगातल्या मुलांचं धान्य संपलं, पोरं उपाशी राहिली. रमाईने हातातल्या बांगड्या काढून दिल्या आणि मुलांची चूल पेटली. भगवान बुद्धांनी दान सांगितलं, मैत्री सांगितली. हे शब्द तिच्या कानावर आले नसतील, पण आचरणात ते होते. तिला मागाहून बौद्ध ठरवायची काही गरज नाही. ती होती तशीच आमची आई आहे, आणि मुलांना आमचं उत्तर हेच आहे.

२७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात तिने देह ठेवला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. पुढे बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ तिच्या स्मृतीला अर्पण केला. त्यात त्यांनी तिच्या मनाचा मोठेपणा आणि हालअपेष्टांतली तिची साथ आवर्जून नोंदवली आहे.

शेवटी एक कटू गोष्ट. आम्ही पुरुष मंडळी तिच्या त्यागाची गाणी गातो आणि घरी आल्यावर सगळ्यांचं झालं की मगच बाईने जेवावं, असं धरून चालतो. रमाई उपाशी राहिली ती गरिबीमुळे. तिच्या लेकींनी तसंच राहावं म्हणून नव्हे. विहारात सतरंज्या घालायला बाया, खीर करायला बाया, आणि हिशेबाच्या बैठकीला मात्र आम्हीच! येत्या ७ फेब्रुवारीपूर्वी समितीत निम्म्या जागा उपासिकांना द्याव्यात, असं आम्ही इथे सर्वांसमक्ष सुचवतो. हात वर करून सांगा, मंजूर आहे का?

जय भीम! नमो बुद्धाय!