क्षेपणास्त्र-कवच कशासाठी?
(जनवाडा येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. बँकेत खातेवह्या सांभाळणारे साधे कारकून. पण बीदरचा हवाई तळ आपल्या शेजारी आहे, आणि ज्या हैदराबादेत आपली मुले शिकतात, तिथेच देशाची क्षेपणास्त्रे घडतात. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याशीच आहे.

बीदरचा किल्ला आपण सर्वांनी पाहिला आहे. कातळात खोदलेला तिहेरी खंदक! तरी १६५७ साली औरंगजेबाच्या वेढ्यात दारूच्या साठ्याचा भडका उडाला, किल्लेदार सिद्दी मर्जान गेला आणि किल्ला पडला. मग खंदक व्यर्थ होता का? नाही. त्याने शत्रूला थोपवले. मात्र खंदक आहे म्हणून कोठाराची काळजी सुटत नाही.

क्षेपणास्त्र-कवचाचेही तसेच. २७ नोव्हेंबर २००६ रोजी भारताने ओडिशाच्या किनाऱ्याजवळ समोरून येणारे क्षेपणास्त्र सुमारे ५० किलोमीटर उंचीवर पाडले. डिसेंबर २००७ मध्ये सुमारे १५ किलोमीटरवर. वर हुकले तर खाली गाठायचे, असे हे दोन पदर.

याचा हेतू काय? आपण अण्वस्त्र आधी न वापरण्याचा शब्द दिला आहे. पहिल्याच घावात राजधानी आणि प्रत्युत्तराची साधने गेली, तर त्या शब्दामागे बळ काय उरले? कवच असले की आपली किती क्षेपणास्त्रे पोहोचतील, हा हिशेब शत्रूला जुळत नाही. ही शंकाच त्याचा हात आवरते. दुसरे, चूकही होते. ९ मार्च २०२२ रोजी आपलेच एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडले. असे एखादे आपल्याकडे आले, तर ते वरच्यावर पाडता यावे आणि चुकीचे युद्ध होऊ नये.

पण कवच म्हणजे अभय नव्हे. पाकिस्तानने जानेवारी २०१७ मध्ये अनेक स्फोटकमुखांच्या 'अबाबील'ची चाचणी केली, ती अशा कवचाला चकवण्यासाठीच. ढाल वाढली की बाणही वाढतात, आणि खर्चही.

१५ ऑगस्ट २०२५ रोजी पंतप्रधानांनी 'सुदर्शन चक्र' मोहीम जाहीर केली, मुदत २०३५. दवाखाने, रेल्वे, देवस्थाने यांनाही संरक्षण मिळेल, असे सांगितले. स्वागतच आहे! पण तिजोरी भक्कम असली तरी बँकेच्या दाराला आम्ही रोज कुलूप लावतोच. म्हणून मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष न पाहता, आपण विचारू या : आभाळातल्या ढालीबरोबर जमिनीवर काय? भोंगा, निवारा, दवाखान्यात भाजलेल्यांसाठी खाटा? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू या.

जय हिंद! जय महाराष्ट्र!